शब्दचर्चा : बढतीत ‘डावलणे’ नेमके कशाला म्हणावे?

प्रश्न : वडोदऱ्यातल्या आमच्या महिला मंडळाच्या अंकासाठी लेख लिहिते आहे. बायका वरच्या पदांपर्यंत का पोचत नाहीत, हा विषय. छापील लेखांत ‘काचेचे छत’ दिसते. मकरपुऱ्याच्या कारखान्यांतल्या बायका मात्र सरळ ‘डावललं’ म्हणतात. कोणता शब्द घेऊ?

उत्तर : ‘डावललं’च घ्या, ताई. छत म्हटले की अडथळा अगदी वर आहे असे वाटते. बहुतेकींचे घोडे पहिल्या-दुसऱ्या बढतीलाच अडते.

पण हा शब्द सरसकट वापरू नका. ज्येष्ठता यादीत नाव आहे, अनुभवाची अट पुरी आहे, गोपनीय अहवाल (कामाबद्दल वरिष्ठांचे शेरे) चांगले आहेत, तरी यादीत खाली असलेल्या पुरुषाला पद मिळाले, तर ते डावलणे. निवड समितीची बैठकच लागत नसेल, तर बढती ‘रखडली’. त्यात पुरुषही रखडतात, म्हणून त्या शब्दावर भेदभावाचा आरोप टिकत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यांत घातक. नाव यादीपर्यंत पोचतच नाही. जुन्या कारखाना अधिनियम १९४८ चे कलम ६६ पाहा. मूळ तरतुदीत स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात काम देता येई. सवलती पुढे मिळत गेल्या. नंदेसरीसारख्या ठिकाणचा रासायनिक प्लांट तिन्ही पाळ्यांत चालतो. रात्रपाळी नाही म्हणून शिफ्ट इनचार्जचा अनुभव नाही, तो नाही म्हणून उत्पादन विभागात पुढची बढती नाही. एम.एस्सी. झालेली बाई प्रयोगशाळेत नमुनेच तपासत राहते. ‘आम्ही कुणाला डावललं नाही,’ असे व्यवस्थापन म्हणते आणि कागदावर ते खरे ठरते. अशा जागी ‘पात्रतेपासून दूर ठेवले’ असे लिहा. लांबट आहे, पण नेमके आहे.

या तिसऱ्या प्रकाराला सर्वोच्च न्यायालयाचा आधार आहे. लष्करातल्या स्त्री अधिकाऱ्यांच्या नितिशा खटल्यात (मार्च २०२१) त्यांचे जुने गोपनीय अहवाल कायम नेमणुकीसाठी मोजले गेले होते. ते लिहिले तेव्हा त्यांना कायम नेमणुकीची वाटच खुली नव्हती, त्यामुळे शेरे वरवरचे होते. नियम सर्वांना सारखा दिसत असूनही न्यायालयाने तो अप्रत्यक्ष भेदभाव ठरवला. लेखात ‘अप्रत्यक्ष भेदभाव’ हा शब्दप्रयोग अवश्य आणा.

प्रश्न : आणि ‘संचालिका’ की ‘संचालक’?

उत्तर : ‘संचालक’. ‘संचालिका’ म्हटले की पाळणाघर किंवा शिवणवर्ग चालवणारी बाई डोळ्यांसमोर येते. हंसा मेहता १९४९ साली इथल्या सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, तेव्हा पदनामाला वेगळे स्त्रीरूप लागले नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १४९ प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीत किमान एक महिला संचालक लागते. काहींनी मालकाच्या घरातलीच बाई बसवली. तिथे ‘नामधारी’ म्हणा. म्हणूनच सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, १ एप्रिल २०२० पासून आघाडीच्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांत महिला संचालक ‘स्वतंत्र’, म्हणजे मालकांशी हितसंबंध नसलेली, असण्याची सक्ती केली. ‘स्वतंत्र महिला संचालक’ यातला एकही शब्द गाळू नका.