बर्फ सरसकट नको
केमोचं औषध शिरेबाहेर झिरपलं की लगेच बर्फ लावावा, असा सल्ला दिला जातो. डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधासाठी तो बरोबर आहे, पण सगळ्याच औषधांना नाही. व्हिन्क्रिस्टिन किंवा व्हिनब्लास्टिन झिरपलं तर कोरडा गरम शेक लागतो. गारव्याने तिथली इजा वाढते. ऑक्सॅलिप्लॅटिनलाही बर्फ टाळतात, कारण थंडीने मज्जातंतूंचा त्रास चाळवतो.

शेकाच्या आधीची पायरी मात्र या सल्ल्यात राहूनच जाते, आणि खरं नुकसान तिथेच वाचतं. जळजळ किंवा सूज जाणवताच रुग्णाने सहन करत बसू नये, नर्सला सांगावं. ठिबक ताबडतोब बंद, पण कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) लगेच उपटायची नाही. ठिबकाची नळी सोडवून कॅन्युलाला रिकामी सिरिंज लावायची, जमेल तेवढं औषध हळूच ओढून घ्यायचं, मगच ती काढायची. सलाईनने फ्लश करू नये, जागा चोळू नये; औषध आणखी पसरतं. लालीची कड पेनाने आखून ठेवावी. डॉक्सोरुबिसिनवर डेक्सराझोक्सेन हा उतारा आहे, पण तो ६ तासांच्या आत, शक्यतो दुसऱ्या हाताच्या शिरेतून सुरू व्हायला हवा. त्याआधी किमान १५ मिनिटं बर्फ काढून ठेवावा लागतो, नाहीतर आकसलेल्या रक्तवाहिन्यांमुळे हा उतारा त्या जागी पुरेसा पोचत नाही.