विषय: वाचनालयाच्या हौदातली कासवं खाईनात. हीटरची वायर कुठून घ्यायची?

टिळकवाडी:
नमस्कार मंडळी. दोन्ही स्लायडर कासवांनी खाण्याच्या गोळ्यांना तोंड लावणं सोडलंय. हौदाचं पाणी सकाळी सातला १७ अंश, दुपारी तीनला २४. २०० वॉटचा हीटर सोडायचं बैठकीत ठरलंच आहे, अडलंय ते वायरीवर. खिडकीतून घ्यायची की ओसरीवरच्या बोर्डातून? शुक्रवारच्या आत कळवा.

अनगोळ:
वायरीचं राहू द्या, आधी हिशेब बघा. हौद सहा बाय चार, पाणी फूटभर, म्हणजे ६८० लिटर. एवढं पाणी १ अंश चढवायला ०.८ युनिट वीज लागते. १७ वरून २५ वर न्यायला सव्वासहा युनिट. २०० वॉटच्या हीटरला त्यासाठी तीस तासांहून जास्त लागतील, तेही वाटेत काहीच उष्णता गेली नाही असं धरून. उघड्या पाण्याची उष्णता रात्रभर जातच असते. तो हौद तापणार नाही, बिल तेवढं येईल. कासवं आत घ्या. १२० लिटरचा टब, १०० वॉटचा हीटर, वरून अर्धं झाकण. पुरतं.

मिसिसागा:
तापवायचं कशाला मुळात? इकडं कॅनडात तळ्यातली कासवं बर्फाखाली झोपतात. आधी दोन-तीन आठवडे खाणं बंद करून पोट रिकामं करायचं, तळ्याची खोली दोन फुटांहून जास्त ठेवायची आणि वसंतापर्यंत हात लावायचा नाही. निसर्गाला त्याचं काम करू द्या की.

शहापूर:
दादा, तुमच्याकडं तळाचं पाणी ४-५ अंशांवर महिनोन्महिने स्थिर राहतं, म्हणून ते जमतं. बेळगावात जानेवारीची रात्र साधारण १३-१४ अंशांची आणि दुपार २९-३०ची. पाणी १० च्या खाली उतरतच नाही, त्यामुळं खरी शीतनिद्रा लागत नाही. आपल्या थंडीचा धोका नेमका इथंच आहे. १५ ते २० अंशांत कासव जागं असतं, अंगातली चरबी जाळत असतं, पण पचन जवळपास थांबलेलं असतं. दुपारी पाणी २४ ला गेलं की भूक लागते, कुणीतरी मूठभर गोळ्या टाकतं, रात्री पाणी पुन्हा १७ वर येतं आणि खाल्लेलं पोटात कुजतं. त्यात प्रतिकारशक्ती मंदावून फुप्फुसाला संसर्ग होतो. म्हणून खाणं आजपासून बंद. पाणी दिवसरात्र २४-२५ वर टिकलं की मगच द्यायचं.

टिळकवाडीकर, एवढं आजच बघून सांगा: नाकातून बुडबुडे येतात का, तोंड उघडं ठेवून श्वास घेतात का, पोहताना एका बाजूला कलतात का? यातलं एक जरी असलं तर टब-हीटर करत बसू नका, आधी पशुवैद्याकडं न्या.

वडगाव:
आत नेण्याला विरोध नाही, पण हौद बाग समितीकडं आहे आणि ठरावाआधी आम्हाला कुणी विचारलं नाही, हे नोंदवून ठेवा. दुसरं, दोघांना मिळून १२० लिटर कमीच. कवचाच्या दर इंचाला चाळीसेक लिटर धरतात. कोंडल्यावर एकमेकांच्या शेपट्या आणि पाय चावतात. दोन टब करा. एक समितीकडून देतो.

अनगोळ:
दोन टब चालतील, हिवाळ्यापुरतं निभेल. मग हीटरही दोन. हीटर उघडा सोडू नका, कासव धडका देऊन काच फोडतं आणि प्लास्टिकला टेकला तर टब वितळतो. दोन इंची पीव्हीसी पाइपला भरपूर भोकं पाडा, कडा कानशीनं घासा, त्यात हीटर बसवा. पाणी बदलण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवायचा, नाहीतर गरम काच हवेत उघडी पडून तडकते. प्लगच्या खाली वायरीला झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी बोर्डात न जाता खाली टपकेल. बोर्डाला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच बंद करणारा स्विच, हवाच.

तापमान रोज दोन अंशांनी चढवा, एकदम २५ नको. वीज गेली तर टबावर घोंगडी टाका, उकळतं पाणी ओतू नका.

खानापूर:
आमच्याकडं शेतातल्या डबक्यात सापडलेलं मऊ पाठीचं कासव आहे, तेही त्याच टबात ठेवता येईल काय?

शहापूर:
नाही. ते आपल्या मातीतलं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. घरी ठेवणं गुन्हा. आजच वनखात्याला कळवून त्यांच्या ताब्यात द्या. स्लायडरच्या पाण्यात तर मुळीच नको, रोग इकडून तिकडं जातात.

निपाणी:
एवढा खटाटोप करण्यापेक्षा स्लायडर किल्ल्याच्या तळ्यात सोडून द्या.

शहापूर:
कृपा करून हे कुणी करू नका. स्लायडर मूळचा अमेरिकेतला, जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा तो बळकावतो.

वडगाव:
उन्हाचं कुणीच बोललं नाही. बंद खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, कवचाला लागणारे यूव्हीबी किरण काच अडवते. हवा २५ च्या वर गेली की, अकराच्या सुमारास, तासभर गच्चीवर न्या. उथळ परात, अर्धी सावली. काचेची टाकी उन्हात ठेवू नका, आत उकडून मरतात. टबात विटांचा चढ करा, वर ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब फूटभर उंचीवर लावा. वीट ३० ते ३२ अंश व्हायला हवी, तापमापक टेकवून बघा.

टिळकवाडी:
आत्ताच पाहिलं. बुडबुडे नाहीत, तोंड मिटलेलं आहे, पण लहान कासव डावीकडं कलतंय. ते उद्या सकाळी पशुवैद्याकडं नेतो, मोठं टबात. वायर ओसरीवरच्या बोर्डातून घेतो, पण त्याला आरसीसीबी नाही. वायरमन कोण बघतंय?