वीस मिनिटांची कंबर: दुखणं ‘शिकलेलं’ असू शकतं का? अनुभव सांगा

निवांत_नाही

चार वर्षांपूर्वी बादली उचलताना कमरेत उसण भरली. पंधरा दिवसांत बरी व्हायला हवी होती, झालीही असावी. पण एका डॉक्टरांनी एमआरआय बघून ‘मणक्यात गॅप आहे, २० मिनिटांच्या वर एका जागी बसायचं नाही’ असं बजावलं आणि ते वाक्यच माझ्या कमरेत जाऊन बसलं. सुरुवातीला मोबाइलवर गजर लावायचे. पुढे त्याची गरज उरली नाही, अठराव्या मिनिटाला कळ यायचीच. कुठेही गेले की आधी खुर्ची न्याहाळायची आणि दाराजवळची जागा धरायची, म्हणजे पटकन उठता येतं.

गेल्या वर्षी बहिणीचं ऑपरेशन होतं. थिएटरबाहेर पत्र्याच्या बाकावर बसले होते, पाठ टेकायलाही धड जागा नाही. सर्जन बाहेर येऊन ‘सगळं नीट झालं’ म्हणाले, तेव्हा कुठे भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. पावणेतीन तास झाले होते. ते पाहिलं आणि मिनिटभरात कंबर दुखायला लागली.

आनंद वगैरे काही झाला नाही. राग आला. म्हणजे इतकी वर्षं मी सोंग करत होते की काय? घरी सांगितलंही नाही. ‘आम्ही म्हणतच होतो’ हे ऐकून घ्यायची तयारी नव्हती.

मग वाचत सुटले. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरांनी आघाडीवरच्या गंभीर जखमी सैनिकांना वेदनाशामक हवं का, असं विचारलं, तर साधारण चौथ्या हिश्शानेच हो म्हटलं. १९४६ साली त्यांनी हे छापलं. याच्या बरोबर उलटी गोष्ट १९९५ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आहे. एका बांधकाम कामगाराच्या बुटातून खिळा आरपार गेला. खिळा जरा हलला तरी तो कळवळायचा. गुंगीचं औषध देऊन बूट काढला, तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, पायाला इजाच नाही! त्याची कळ मात्र खरीच होती. हे वाचल्यावर माझा स्वतःवरचा राग जरा उतरला.

तुमचं जुनं दुखणं असं एखाद्या वेळेला, जागेला, माणसाला, धसक्याला बांधलेलं असल्याचं कधी लक्षात आलंय का?

अत्तराचा_वैरी

अर्धशिशी, १९ वर्षं. कशाने डोकं उठतं याची वही ठेवतो. त्यात ‘उग्र सेंट’ सगळ्यात वर. ऑफिसातला एक सहकारी लिफ्टमध्ये शिरला की तासाभरात मी आडवा. शेवटी भीड सोडून त्याला विनंती केली, तर बिचारा गोंधळला. घरी बाळाला शिंका येतात म्हणून त्याने दोन महिन्यांपूर्वीच सेंट सोडला होता. त्या दोन महिन्यांत माझ्या वहीत त्याच्या नावापुढे पाच फुल्या होत्या.

१८८६ साली जॉन मॅकेन्झी या डॉक्टरांनी गुलाबाचा त्रास असलेल्या एका बाईंसमोर कृत्रिम गुलाब धरला, तरी त्यांना धाप लागली. खऱ्या सेंटने माझं डोकं उठत नाही असं नाही, उठतंच. पण आता नाकाआधी डोळेच वर्दी देतात. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना निदान खायला तरी मिळायचं.

रोखठोक

असलं काही वाचलं की मला धडकी भरते. पाळीतल्या दुखण्यावर मला नऊ वर्षं ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच औषध मिळालं. शेवटी लॅप्रोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून तपासणी) केली, तर एंडोमेट्रिओसिस निघालं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढलेला. हे सगळं दाखवून ‘बघ, तुझ्या मनाचंच आहे’ म्हणणारा नवरा, सासू किंवा साहेब कुठेतरी टपून बसलेला असणार.

आता प्रामाणिकपणे पुढचंही सांगते. ऑपरेशननंतर दुखणं खूप कमी झालं, तरी तारीख जवळ आली की दोन दिवस आधीच पोट आवळायला लागतं. कॅलेंडर बघून. आजार खरा होता आणि हेही खरं आहे.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रोखठोक म्हणतात तेच आधी, तपासणी पहिली. पायातली ताकद जाणं, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही असेल तर मनाचा शोध घेत बसू नका, डॉक्टर गाठा.

पण ‘मणक्यात गॅप’ या दोन शब्दांनी जेवढी माणसं अंथरुणाला खिळवली, तेवढी मणक्याने खिळवली नसतील. २०१५ साली कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,००० हून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या (डिस्क) झिजलेल्या होत्या. केस पिकतात तशा चकत्याही पिकतात.

दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की बऱ्याचदा मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था पहाऱ्यावरून उतरायला तयार नसते. दुखेल या भीतीने आपण श्वास धरतो, स्नायू आखडतात, त्याने खरोखरच दुखतं आणि भीती खरी ठरते. पुढच्या वेळी मेंदू आणखी लवकर ओरडतो. २०१७ पासून अशा दुखण्याला ‘नोसिप्लास्टिक’ असं स्वतंत्र नावही आहे. ‘हे दुखणं धोक्याचं नाही’ असं मेंदूला पुन्हा शिकवण्याच्या उपचाराची अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या १५१ जणांवर चाचणी झाली. उपचार मिळालेल्या ५० पैकी ३३ जणांचं दुखणं जवळपास गेलं, नेहमीच्याच उपचारांवर राहिलेल्या ५० पैकी ५ जणांचं. पण हे सगळे सौम्य ते मध्यम दुखण्याचे लोक होते. प्रत्येकाला लागू पडेल असं मी सांगणार नाही.

डावखुरा

साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, त्या आठवड्यापासून मनगट. ऑफिसात दहा ओळी टाइप केल्या की ठणका. घरी रात्री दोन-दोन तास टाइप करायचो, काही नाही. कीबोर्ड दोन्हीकडे एकाच मॉडेलचा! ‘नोकरी सोड, थांबेल’ असं सगळे म्हणाले. सोडली. मनगट पुढे आठ महिने दुखत राहिलं, नव्या ऑफिसात, अत्यंत सज्जन साहेबांच्या हाताखाली. कारण गेलं की दुखणं जातं असं समजणाऱ्यांसाठी हे लिहून ठेवतोय.

शांता_नव्हे

वडील हृदयविकाराने गेले. दर महिन्याला त्या तारखेला माझ्या छातीत डावीकडे दुखतं. दोनदा ईसीजी, एकदा स्ट्रेस टेस्ट, सगळं नॉर्मल. भावाला सांगितलं तर म्हणाला, ‘मलाही.’ त्यालाही तपासून घ्यायला लावलं.

निवांत_नाही

रोखठोक, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मीही तीन डॉक्टरांना दाखवल्यावरच हे लिहायला धजावले. सांधेजोड, तुमचं वाचून जुना रिपोर्ट पुन्हा काढला. त्यात ‘वयानुरूप बदल’ अशी ओळ आहे. चार वर्षांत ती कुणी मला वाचून दाखवली नव्हती, मीही वाचली नव्हती.

सध्या हातातलं घड्याळ काढून बसते आणि कळ आली की लगेच न उठता तिथेच जरा हलून बघते. कधी तासभर निघतो. परवा मात्र काहीच कारण नसताना, मोजे घालताना चमक भरली आणि दिवसभर गेली नाही. ते कशाला बांधलेलं होतं, कळलं नाही.