बनाना पुडिंगचं कस्टर्ड रात्री घट्ट, सकाळी पाणी! काय चुकतंय?

शार्लटकर
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, मदत हवी आहे. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला राहतो, सहा वर्षं झाली. शेजारी एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या, सगळी गल्ली त्यांना ग्रॅनी म्हणते. फोर्थ ऑफ जुलै असो, चर्चचं जेवण असो, कोणाच्या घरी वाईट झालेलं असो, त्यांचा तो काचेचा चौकोनी ट्रे येणारच, बनाना पुडिंगचा. माझ्या बाळंतपणात घरचं कोणी व्हिसामुळे येऊ शकलं नव्हतं तेव्हा दारात सगळ्यात आधी तोच ट्रे आला होता, मी बाळाला मांडीवर घेऊन थेट ट्रेमधूनच चमच्याने खाल्लं होतं ते आजही आठवतं. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, फार वेळ उभं राहता येत नाही, आणि लेबर डेला त्यांच्याकडे सगळा गोतावळा जमतोय. मी म्हटलं यावेळी पुडिंग मी करते.

त्यांनी कृती सांगितली पण सगळी अंदाजाने. दूध, साखर, पिवळे बलक, कॉर्नस्टार्च, आणि 'बरोबर दिसेपर्यंत ढवळ'. दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा पातेल्यात छान दाट झालं, पळीच्या पाठीवर थर बसला, बोट फिरवलं तर रेघ राहिली, म्हणून गॅस बंद केला. थर लावले, फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी बघते तर खाली दुधाचं तळं आणि वेफर्स (म्हणजे थरांतली व्हॅनिलाची गोल बिस्किटं) त्यात पोहतायत. शिवाय केळी काळी. माप वाढवू का? दुसऱ्यांदा कॉर्नस्टार्च दोन चमचे जास्त घातलं होतं तरी तेच.

अजून एक, माझ्या सासूबाई आल्यात, त्या अंडं खात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं छोटं भांडं करायचंय, तेच वेफर्स वापरून. आणि सहज मनात आलेला प्रश्न, इथे तर केळी पिकत नाहीत, मग हे केळ्याचं पुडिंग या लोकांचं इतकं घरचं कसं झालं?

दूधसाखर
माप अजिबात वाढवू नकोस, माप बरोबर असणार. तू गॅस लवकर बंद केलास एवढंच झालंय. माझं अगदी हेच व्हायचं, आणि कारण कळलं तेव्हापासून एकदाही बिघडलं नाही म्हणून सविस्तर लिहिते.

अंड्याच्या बलकात अमायलेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते स्टार्च तोडतं. कस्टर्ड नुसतं दाट झालं आणि आपण उतरवलं तर ते एन्झाइम जिवंतच राहतं, आणि रात्रभर फ्रीजमध्ये बसून तुझं कॉर्नस्टार्च फोडत बसतं. म्हणून रात्री घट्ट नि सकाळी पाणी. ते मारायचं तर कस्टर्डला खरी उकळी यायला हवी. कडेला नाही, मधोमध, जाड जाड बुडबुडे फुटायला लागले पाहिजेत, पिठलं रटरटतं ना तसे, आणि त्यानंतरही ढवळत ढवळत एक ते दोन मिनिटं. पळीवर थर बसतो ती खूण बिनस्टार्चच्या कस्टर्डची, ते उकळलं तर फाटतं. तू ती खूण इथे लावलीस. आपल्याला भीती वाटते की बलक फाटेल, गुठळ्या होतील, पण कॉर्नस्टार्च असलं की ते बलकाला सांभाळतं, उकळी सोसते. निर्धास्त उकळव.

दुसरं, चाखायचा चमचा परत पातेल्यात घालू नकोस. आपल्या लाळेतही अमायलेज असतं. आमची आजी उष्टा चमचा भांड्यात गेला की अख्खं भांडं बाजूला काढायची, मला लहानपणी ते फार जाचक वाटायचं, पण कस्टर्डच्या बाबतीत ती शंभर टक्के बरोबर होती. वाटीत काढून घे आणि वेगळ्या चमच्याने चाख.

माझं माप, मोठ्या ट्रेसाठी (९ बाय १३ इंची): ४ कप फुल फॅट दूध, १ कप साखर, ६ टेबलस्पून कॉर्नस्टार्च, ४ बलक, पाव चमचा मीठ, शेवटी २ टेबलस्पून बटर आणि २ चमचे व्हॅनिला. आधी साखर, मीठ, कॉर्नस्टार्च कोरडंच एकत्र कर, मग त्यात गार दूध थोडं थोडं घालून गुठळ्या मोड, मगच गॅसवर. मध्यम आच, जाड बुडाचं पातेलं, आणि चपट्या उलथन्याने तळ खरवडत राहायचं, बासुंदी आटवताना करतो तसं. दूध चांगलं गरम होऊन वाफा आल्या की त्यातलं पळीभर बलकात घाल, फेट, मग बलक पातेल्यात. आणि मग ती उकळी. मीठ विसरू नकोस, त्याच्याशिवाय चव सपाट लागते.

गॅस बंद केल्यावर बटर, व्हॅनिला, आणि वर साय धरू नये म्हणून प्लॅस्टिक थेट कस्टर्डला चिकटवून दहा मिनिटं ठेव. थर लावताना ते कोमट असू दे, पार गार नको. कोमट कस्टर्ड वेफर्समध्ये मुरतं, गार झालेलं नुसतं वर बसतं, आणि एकदा सेट झालेलं परत फेटत बसलं तर तेही पातळ होतं.

नॅशविलचा_मावळा
वरच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन. केळ्याच्या प्रश्नाचं मी सांगतो, कारण मलाही हाच प्रश्न पडला होता आणि मी बरंच वाचलंय यावर. केळी मध्य अमेरिकेतून बोटीने न्यू ऑर्लिन्ससारख्या बंदरात उतरायची आणि तिथून रेल्वेने वर शिकागोकडे जायची. वाटेत केंटकी आणि टेनेसीच्या हद्दीवर फुल्टन म्हणून छोटं गाव आहे, तिथे गाड्या थांबवून डब्यांत बर्फ भरायचे म्हणजे केळी पुढे टिकायची. आणि हे गाव केळ्यांचं माहेरघर असल्यासारखं मिरवायचं, १९६० च्या दशकात तिथे केळ्यांचा उत्सव सुरू झाला आणि त्यात एक टन पुडिंग करायचे. एक टन! म्हणजे केळं पिकत नसलं तरी अमेरिकेच्या दक्षिणेच्या दारावरून जात होतं, आणि स्वस्त होतं. त्यात हे पुडिंग आदल्या दिवशी करून ठेवता येतं, पन्नास माणसांना पुरतं, चुलीजवळ थोडाच वेळ उभं राहावं लागतं. उकाड्यात चर्चच्या जेवणाला अजून काय हवं.

गंमत म्हणजे वेफर्स सुरुवातीपासून नव्हते. १८८८ मध्ये छापलेल्या कृतीत स्पंज केकचे तुकडे आहेत. व्हॅनिला वेफर्सची छापील कृती १९२१ ची सापडते, ती पण इलिनॉयच्या ब्लूमिंग्टनच्या पेपरातली, म्हणजे दक्षिणेतली नाहीच. नंतर वेफर्स बनवणाऱ्या नॅबिस्को कंपनीने खोक्यावरच कृती छापायला घेतली आणि मग घराघरात तीच झाली. १९६७ ला नाव छोटं करून 'निला' केलं पण म्हाताऱ्या बायका अजून व्हॅनिला वेफर्सच म्हणतात, तुझ्या ग्रॅनीही म्हणत असतील बघ.

इथे नॅशविलपासून तासाभरावर सेंटरव्हिलला २०१० पासून नॅशनल बनाना पुडिंग फेस्टिव्हल सुरू झाला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला. आम्ही एकदा गेलो होतो, वेगवेगळ्यांची पुडिंगं थोडी थोडी चाखत फिरलो. तिथे एका काकूंना मी विचारलं की वर व्हिप्ड क्रीम का मेरिंग (अंड्याचा पांढरा भाग साखर घालून फेटलेला फेस), तर त्या म्हणाल्या आधी तुझी आई काय करायची ते सांग. म्हणून तूही आधी विचार, ग्रॅनी वर काय घालतात? मेरिंग असेल तर ते कस्टर्ड गरम असतानाच वर पसरायचं आणि अगदी कडेपर्यंत, काचेला चिकटवून, नाहीतर ते आकसतं आणि खाली पाणी सुटतं. मग ३५० फॅरनहाइटला साधारण १५ मिनिटं, टोकं बदामी होईस्तोवर. मेरिंगवालं त्याच दिवशी खाल्लेलं बरं.

झटपट_रेसिपी
एवढा खटाटोप का करताय? इन्स्टंट पुडिंगचं पाकीट, कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणि व्हिप्ड क्रीम. न्यूयॉर्कची मॅग्नोलिया बेकरी याच पद्धतीने करते आणि लोक रांगा लावतात. पाच मिनिटांत होतं, फाटायची बिघडायची भानगडच नाही. मी नेहमी तेच करते.

दूधसाखर
ते चांगलं लागतं, मीही केलंय, वाईट म्हणणार नाही. पण ते हलकं, फेसाळ, वेगळाच पदार्थ आहे. ऐंशी वर्षांच्या बाईने आयुष्यभर पातेल्यात ढवळलेलं कस्टर्ड तिच्याच घरी तिच्याच माणसांना वाढायचं असेल तर पाकीट फोडणं मला पटत नाही. तिथे प्रत्येकाच्या जिभेला ती चव पाठ असणार.

रावेरकर
ताई, मी हे पुडिंग कधी खाल्लं नाही पण केळीबद्दल बोलू शकतो, आमची घरची बाग आहे, जळगाव जिल्ह्यात रावेरला. तुमच्याकडे दुकानात जे मिळतं ते कॅव्हेंडिश, आणि आमच्याकडे शेतात लावतो ते ग्रँड नैन, आम्ही जी-नाइन म्हणतो, ते त्याच कुळातलं. म्हणजे माल एकच समजा.

चूक बहुतेक निवडीत आहे. हिरवट देठाचं केळं घेतलं तर त्यात पिठूळपणा राहतो, घशाला तुरट लागतं, कस्टर्डमध्ये वास उतरत नाही. अन् पार काळं झालेलं घेतलं तर फोडी विरघळून जातात. साल पूर्ण पिवळी, त्यावर तपकिरी बारीक ठिपके नुकते पडायला लागलेले, देठ हिरवा नाही, दाबलं तर किंचित दबतं पण बोट रुतत नाही, त्या दिवशी कापा. तीन-चार दिवस आधी फणी आणून ठेवा, फ्रीजबाहेर. कच्चं वाटलं तर कागदी पिशवीत एक सफरचंद टाकून तोंड मुडपून ठेवा, लवकर पिकतं.

काळं पडतं ते हवेमुळे. आधी कापून ताटात ठेवू नका. एक केळं कापा, थर लावा, लगेच कस्टर्डने झाका, मग पुढचं. एकही फोड उघडी दिसायला नको. सगळ्यात वरचा थर केळ्याचा कधीच नको. आमच्या घरी शिकरणसुद्धा पान वाढल्यावरच कुस्करतात, आधी करून ठेवलं तर रंग जातो.

पुण्यातली_माई
सासूबाईंच्या वाटीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. बाळ, ते निला वेफर्स त्यांना देऊ नकोस. खोक्यावर घटक वाच, त्यात अंडं आहे. बऱ्याच जणांना हे लक्षातच येत नाही, कस्टर्ड बिनअंड्याचं करतात आणि बिस्किटं तीच घालतात. नकळत खाऊ घातलं आणि मागाहून कळलं तर त्यांना फार लागेल. भारतीय दुकानात मारी मिळेल, नाहीतर पार्ले-जी, पाकिटावर हिरवा ठिपका बघून घे.

कस्टर्डसाठी आपली कस्टर्ड पावडर सरळ वापर, ती मुळातच बिनअंड्याची. १८३७ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड यांनी ती काढली, बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून. मला ही गोष्ट फार आवडते. अर्धा लिटर दुधाला पावडरचे दोन मोठे चमचे पाकिटावर असतात, तू तीन घे, कारण थरांना दाट हवं. हिलाही उकळी हवीच, नाहीतर कच्चट पिठाची चव राहते. वेलची घालायचा मोह होईल पण नको घालू, त्यांनाही कळू दे इथलं कसं लागतं.

आणि एक, तिकडे कॉर्नस्टार्च म्हणून मिळतं तेच आपलं कॉर्नफ्लोर. तिकडच्या दुकानात कॉर्न फ्लोर लिहिलेलं पाकीट मात्र मक्याचं पिवळं पीठ निघतं, ते उचलू नकोस. वाटीवर नाव लिही, चमचा वेगळा ठेव.

शार्लटकर
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री परत केलं आणि आत्ता सकाळी फ्रीज उघडून लगेच लिहायला बसलेय. सुरी उभी घातली तर थर सरळ कापला गेला! ट्रेच्या काचेतून दिसतंय, पिवळं, मग वेफर्सच्या कडा, मग केळं, पांढरंच्या पांढरं. उकळी आली तेव्हा छातीत धडधड होत होती, बुडबुडे खरंच पिठल्यासारखे फुटत होते, एक तर हातावर उडाला, तरी घड्याळ लावून दीड मिनिट ढवळलं.

काल ग्रॅनीकडे जाऊन विचारलंच, वर मेरिंगच घालतात, त्यांची आई घालायची म्हणून. आणि त्या व्हॅनिला वेफर्सच म्हणतात. हा ट्रे घरच्यासाठीच होता म्हणून मेरिंग घातलं नाही, लेबर डेचा त्याच दिवशी सकाळी करेन. उकळीचं सांगितलं तर त्या खुर्चीत पुढे सरकून म्हणाल्या, अगं ते थपथप आवाज येईपर्यंत ढवळायचं, मी सांगितलं नव्हतं का? नव्हतं सांगितलं, त्यांच्या हाताला ते इतकं सवयीचं आहे की सांगायची गोष्ट वाटलीच नसेल. मग मी फोनवर सगळं रेकॉर्ड करून घेतलं, त्या बोलत होत्या आणि त्यांची नात मापं लिहून घेत होती.

माई, वेफर्सचं तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं, मी खोका उलटून बघितलाच नव्हता. सासूबाईंची वाटी मारीची झाली. त्यांनी नाश्त्यालाच संपवली आणि आता विचारतायत की मेरिंग बिनअंड्याचं होतं का. कोणाला माहीत आहे?

दूधसाखर
होतं! डब्यातल्या छोल्यांचं पाणी फेकू नकोस, तेच फेटायचं, त्याला अ‍ॅक्वाफाबा म्हणतात. अर्धा कप पाणी, पाव चमचा क्रीम ऑफ टार्टर (फेस टिकवणारी आंबट पूड), अर्धा कप साखर चमच्याचमच्याने, मशीनवर दहा मिनिटं तरी. बिनमिठाच्या छोल्यांचा डबा घे मात्र. ओव्हनमध्ये ते अंड्याच्या मेरिंगसारखं टिकत नाही, विरघळतं, म्हणून न भाजताच वाटीवर घाल, आयत्या वेळी.