मदत हवी आहे: गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मोठा कुत्रा खूप घाबरून राहतोय, पाय सुधारतोय पण भीती वाढतेय

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण अर्धवट माहितीवर सल्ला देणं तुम्हालाही अवघड जाईल म्हणून सगळंच सांगते.

आमचा भालू, रॉटवायलर, वय ५, वजन ४६ किलो. मागच्या उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट पूर्ण तुटलं होतं म्हणून टीपीएलओ केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात तुटलेलं लिगामेंट जोडत नाहीत, नडगीच्या हाडाचा वरचा भाग गोलाकार कापून थोडा फिरवतात, त्यामुळे त्याचा उतार कमी होतो आणि वजन टाकल्यावर हाड पुढे सरकत नाही, मग ते प्लेट आणि स्क्रूने पक्कं करतात. म्हणजे आत्ता आतमध्ये चक्क कापलेलं हाड आहे. ते जुळायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात आणि तोवर उडी नाही, जिना नाही, पळणं नाही, फक्त पट्टा लावून शी-शूपुरतं बाहेर.

पायाचं म्हणाल तर छान चाललंय. टाके निघाले, जखम कोरडी आहे, पाय टेकवतो, सर्जन समाधानी आहेत. माझा प्रश्न त्याच्या मनाचा आहे. हा कुत्रा आधी कधीच भित्रा नव्हता, फटाके वाजले तरी घोरत पडायचा, आणि आता भांडं जरा जोरात ठेवलं तरी उठून कोपऱ्यात जायला बघतो.

घरी आणलं त्या रात्री तो सतत धापा टाकत होता, डोळे सताड उघडे पण आमच्याकडे लक्षच नाही, एका सुरात कण्हत होता. फोनवर सांगितलं की भूल आणि वेदनेच्या इंजेक्शनचा असा परिणाम काही कुत्र्यांवर होतो, उतरेल, आणि तो उतरलाही. पण त्याच दिवशी मागच्या दाराजवळ गुळगुळीत फरशीवर त्याचा पाय सटकला, नवऱ्याने आधारासाठी पोटाखालून घेतलेला टॉवेल झटकन वर ओढून त्याला सावरलं, आणि तो असा ओरडला की अजून आठवलं तरी पोटात गोळा येतो. तेव्हापासून टॉवेल, ते दार आणि गळ्यातला कोन (जखम चाटू नये म्हणून घालतात ती पसरट कॉलर) या तिन्हींची त्याने धास्ती घेतलीय.

आत्ता परिस्थिती अशी की फरशीवर टाकलेली रबरी मॅट संपते तिथे तो थांबतो. पुढचे दोन्ही पंजे अगदी कडेवर, बोटं फाकलेली, नखं रबरात रुतलेली, मान खाली, कान मागे चिकटलेले, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, आणि मांडीवरचे केस काढलेत तिथे कातडीखालचा स्नायू थरथरताना स्पष्ट दिसतो. ट्रीट नाकाशी धरली तर तोंड फिरवतो. पुढे जायला बघितलंच तर कोन चौकटीला आपटतो, आणि तो आवाज त्याच्या कानाशीच मोठा होत असणार, की लगेच मागे. मागे येताना दुखऱ्या पायावर सगळं वजन टाकून गर्रकन वळतो, आणि मला भीती याचीच आहे, प्लेटला काही झालं तर काय. कधी कधी रात्रीपासून दुसऱ्या दुपारपर्यंत शू धरून ठेवतो.

परवा नवऱ्याने टॉवेल हातात घेतला तर भालू जागेवरच ताठ झाला आणि गुरगुरला. आयुष्यात पहिल्यांदा. आई म्हणते आवाज चढवा नाहीतर डोक्यावर बसेल. मला ते पटत नाही, पण ४६ किलोच्या कुत्र्याला उचलून नेणं आम्हाला शक्य नाही, ओढून नेलं तर भीती वाढणार आणि सोडून दिलं तर शू अडकणार, मग नेमकं करायचं काय?

औषधं: दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम (सूज उतरवणारं पेनकिलर) आणि गॅबापेन्टिन चालू आहे. शांत राहण्यासाठी ट्रेझोडोनही लिहून दिलंय पण ते दिल्यावर तो झोकांड्या खातो, पडेल या काळजीने मी ते रोज देत नाहीये. क्रेट (झोपायचा पिंजरा) घरात आहे, लहानपणापासून सवय आहे, तिथे तो शांत असतो.

ज्यांनी मोठ्या कुत्र्याची अशी रिकव्हरी काढलीय त्यांनी प्लीज लिहा. टॉवेलला पर्याय काय, ते दार कसं पार करायचं आणि गुरगुरण्याचं काय करायचं, हे तीन प्रश्न सगळ्यात तातडीचे आहेत.

प्रतिसाद

ताई, आधी धीर धरा, हे खूप कॉमन आहे. माझ्या ग्रेट डेनच्या दोन्ही गुडघ्यांचं झालंय (एका पायाचं लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांचं पुढेमागे दुसऱ्याचंही जातं, म्हणून आत्ता शिकाल ते वाया जाणार नाही).

टॉवेल आजपासून बंद. त्याच्यासाठी टॉवेल म्हणजे ती कळ, बस. त्याऐवजी छाती आणि कंबर दोन्हीकडे हँडल असलेला हार्नेस मिळतो, रुंद पट्ट्यांचा, वजन नीट वाटलं जातं. पण आणल्या आणल्या घालू नका. आधी एक दिवस नुसता त्याच्या अंथरुणाजवळ पडू द्या, हुंगू द्या, त्याच्यावर खाऊ ठेवा, मग पाठीवर ठेवून काढा, मग एक बक्कल, असं. बक्कलचा खट् आवाजसुद्धा आधी लांबून ऐकवा आणि लगेच खाऊ द्या. एकदा सवय झाली की दिवसा अंगावरच राहू द्या, म्हणजे हार्नेस आला की आता ओढणार हे समीकरण त्याच्या डोक्यात बसत नाही. फक्त काखेत आणि जखमेजवळ घासत नाही ना ते रोज बघा.

फरशी: त्याच्या जागेपासून दारापर्यंत आणि दाराच्या बाहेरही, सलग, मध्ये एक वीतभरही फट नको. योगा मॅट किंवा रबरी मॅट, खाली न सरकणारी. पंजाच्या गाद्यांमधले केस वाढले असतील तर कापा आणि नखं कापायला व्हेटना सांगा, लांब नखांनी कुत्र्याला फरशीवर पकडच मिळत नाही.

आणि घरात दुसरं दार असेल तर सध्या तेच वापरा! हरल्यासारखं वाटून घेऊ नका, शू होणं महत्त्वाचं. ते मागचं दार नंतर निवांत शिकवता येईल.

ट्रीट पुढे धरून बोलावणं थांबवा. घाबरलेला कुत्रा खाऊच्या मोहाने दोन पावलं येतो आणि मग त्याला कळतं की आपण नको तिथे येऊन पोचलोय, आणि तो दचकून मागे उडी मारतो, ज्या उडीची तुम्हाला भीती आहे तीच. उलट करा. तो मॅटच्या कडेपर्यंत आला, दाराकडे नुसतं बघितलं, की खाऊ त्याच्या मागे हळूच टाका, म्हणजे सावकाश वळून सुरक्षित जागी जाऊन खाईल. मग तो स्वतःच परत येईल. आज आला तिथून उद्या थोडा पुढे. खाऊ नाकारतोय याचा अर्थ तुम्ही आधीच फार जवळ नेलंय, चार पावलं मागून सुरू करा. हे सगळं चालण्याच्या गतीतच, हार्नेस आणि पट्टा लावून, दोन-तीन मिनिटांत आटपायचं.

प्रतिसाद

मी व्हेट आहे, पण पेशंट समोर नाही म्हणून डोसबद्दल काही सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

पहिली गोष्ट, नवीन भीती दिसली की आधी दुखणं शोधायचं. पाय टेकवतो म्हणजे दुखत नाही असं नाही. मागचा एक पाय वाचवताना कुत्रा पुढच्या पायांवर आणि पाठीवर भार घेतो, तिथले स्नायू आखडतात, आणि दुखणारा कुत्रा आवाजालाही जास्त दचकतो हे आम्ही नेहमी बघतो. फटाक्यात झोपणारा कुत्रा भांड्याच्या आवाजाने उठतोय हे तुम्ही लिहिलंत, डॉक्टरांना तेच या शब्दांत सांगा. दाराजवळचा व्हिडिओ काढा, लांबून, आणि बसताना-उठतानाचाही. दवाखान्यात ॲड्रेनालिनमुळे तो वेगळाच वागतो, घरचा व्हिडिओ जास्त सांगून जातो.

ट्रेझोडोन: झोकांड्या जातात ही तक्रार बरोबर आहे, गॅबापेन्टिननेही तोल जातो आणि दोन्ही एकत्र असतील तर जास्तच. पण मनाने कधी द्यायचं कधी नाही असं करू नका, आजच फोन करून सांगा की तोल जातोय. डोस किंवा वेळा बदलता येतात, आणि बाहेर नेण्याची वेळ औषधाच्या वेळेशी जुळवता येते. प्रचंड घाबरलेल्या अवस्थेत कुत्रा काही शिकत नाही, तेव्हा योग्य डोसमधलं औषध हा शिकवण्याचाच भाग आहे. माणसांच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, काहीही मनाने नाही. मेलॉक्सिकॅम चालू असताना दुसरं सूज उतरवणारं पेनकिलर किंवा स्टिरॉइड तर अजिबात नाही, पोटात अल्सर होतो. उलट्या, काळी शी किंवा खाणं बंद झालं तर गोळी थांबवून लगेच फोन करा.

कोनबद्दल विचारा. टाके निघून जखम पूर्ण भरली असेल तर तुम्ही समोर असताना काढायची परवानगी बहुतेक मिळेल. एकटा असेल तेव्हासाठी काही जण फुगवायची कॉलर वापरतात, पण मोठ्या कुत्र्याचं तोंड त्यातूनही गुडघ्यापर्यंत पोचू शकतं, म्हणून आधी तुमच्यासमोर घालून बघा.

आता गुरगुरणं. कृपया त्यावर ओरडू नका. गुरगुरणं म्हणजे तो सांगतोय की हे मला सहन होत नाहीये, थांबा. ओरडून ते बंद करता येतं, भीती मात्र तशीच राहते, आणि मग पुढच्या वेळी सूचना न देता चावा येतो. तो ताठ झाला की थांबा, नजर वळवा, एक पाऊल मागे, टॉवेल खाली. आणि जाळीदार बास्केट मझलची (चावू नये म्हणून तोंडावर बांधतात ते) सवय आत्ताच लावायला घ्या, ज्यात तोंड उघडून धाप टाकता येते आणि खाऊही घेता येतो. नळीसारखं कापडी मझल नको, त्यात धाप टाकता येत नाही. मझलमध्ये खाऊ ठेवून त्याने स्वतः तोंड घालायचं, पट्टा बऱ्याच दिवसांनी. दवाखान्यात हाताळताना सगळेच निर्धास्त असतील तर त्याच्यावर जोर कमी वापरला जातो.

पाय अचानक अजिबात टेकवेनासा झाला, सूज आली, जखमेतून पाणी आलं, किंवा शू पूर्ण बंद झाली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

प्रतिसाद

वर सगळं आलंच आहे, एकच सांगते. घाबरल्यावर जवळ घेतलं, हळू बोललं तर भीतीची सवय लागते असं कुणी सांगेल, ते ऐकू नका. भीती ही भावना आहे, लाडाने वाढत नाही. तो स्वतः येऊन टेकला तर खुशाल कुरवाळा. फक्त तुम्ही वरून वाकू नका, बाजूला खाली बसा. आणि डोकं दमवा त्याचं, पाय नाही. टॉवेलच्या ऐवजी दुसऱ्या कशाच्या तरी घड्यांमध्ये खाऊ लपवून हुंगून शोधायला लावणं, चाटायची मॅट, हनुवटी तुमच्या तळहातावर टेकवून ठेवायला शिकवणं. हे शेवटचं फार उपयोगी, हनुवटी टेकलेली असेपर्यंत तुम्ही पाय तपासायचा, त्याने उचलली की हात काढायचा. त्याला कळतं की थांबवणं माझ्या हातात आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, एकेक प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. आईनेही ऐकला, गुरगुरण्याचा भाग तिने दोनदा वाचायला लावला.

डॉक्टरांशी बोलले. व्हिडिओ बघून त्यांनी पाठ दाबून पाहिली तर कंबरेजवळ तो दचकला, स्नायू आखडलेत म्हणाले. गॅबापेन्टिनच्या वेळा बदलल्यात, ट्रेझोडोनचा डोस कमी करून नियमित द्यायला सांगितलंय, झोकांड्या खूपच कमी आहेत. कोन मी समोर असताना काढायला परवानगी मिळाली. आता बाजूच्या दाराने नेतोय, तिथपर्यंत सलग मॅट टाकल्या, आणि शू वेळेवर होतेय, हे लिहिताना किती हायसं वाटतंय ते तुम्हाला कळेल. हार्नेस अजून बक्कलपर्यंत आलेला नाही, पाठीवर ठेवू देतो, मी घाई करत नाहीये. मागच्या दाराकडे अजून बघत नाही आणि मी दाखवतही नाही.

आता पुढची अडचण. ८ आठवड्यांनी एक्स-रे आहे आणि गाडीत चढवायचं कसं हा प्रश्न आहे, तेव्हाही उडी चालणार नाहीच. रॅम्प आणायचा विचार आहे, पण पोकळ आवाज करणारी, पायाखाली जराही हलणारी गोष्ट त्याला आत्ता दाखवायलाच मला धाकधूक वाटतेय. कुणी घाबरट झालेल्या मोठ्या कुत्र्याला रॅम्प शिकवलाय का? आधी जमिनीवर सपाट ठेवून सुरू करायचा ना? आणि रुंदी किती हवी, कारण तो मागच्या पायाने जरा बाहेर टाकून चालतो आणि कडेवरून पाय गेला तर सगळंच पहिल्यापासून सुरू होईल.