कॅम्परमधला एसी ओढेल असा जनरेटर कोणता घ्यावा?

धायरीकर६६

नमस्कार मंडळी. बँकेतून निवृत्त झाल्यावर जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेतली आणि भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून तिचा कॅम्पर करून घेतला. दोन बर्थ, छोटा ओटा आणि मागच्या भिंतीत १ टनाचा विंडो एसी.

एसी कशासाठी ते आधी सांगतो. माझ्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. अंगातली उष्णता जरा वाढली की तिचे पाय जड पडतात, नजर धूसर होते. गारव्यात पाऊण तास आडवी झाली की पुन्हा सावरते. तिचं माहेर गुहागरचं. भाचरं सगळी मे महिन्यातच जमतात, आणि व्याडेश्वराचं दर्शनही तिला तेव्हाच हवं असतं. माहेरचं घर जुनं, तिथे एसी नाही, वायरिंगही जुनाट. म्हणून हा सगळा खटाटोप.

गेल्या मे महिन्यात २ केव्हीएचा साधा पेट्रोल जनरेटर भाड्याने नेला. कुंभार्ली घाट उतरून दुपारी दोनला एका आंब्याखाली गाडी लावली. जनरेटर सुरू केला, दिवे लागले, एसीचा पंखाही फिरला. कॉम्प्रेसर लागायची वेळ आली तसा आतून ‘हूंऽऽ’ असा दबका आवाज आला, दिवे पिवळे पडले, इंजिनचा दम कोंडल्यासारखा झाला आणि टक् करून कॉम्प्रेसर सुटला. मी पुन्हा लावला, पुन्हा तेच. चौथ्या वेळी जनरेटरचा एमसीबीच (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) पडला. ही ओला पंचा मानेवर घेऊन बर्थवर बसली होती. चमचा धरता येत नव्हता तिला. शेवटी रस्त्यावरच्या हॉटेलातून बर्फ आणून वेळ निभावली.

एसीच्या पाटीवर १,१५० वॅट आणि ५.२ अँपिअर लिहिलंय. मग २ केव्हीएला तो का झेपला नाही? दुकानदार म्हणतो ५ केव्हीए घ्या. त्याचं वजन सत्तर-ऐंशी किलो, माझं वय ६६ आणि कंबर आधीच धरलेली. गुहागरला समुद्राजवळ गाडी लावून रात्रभर एसी चालवायचा विचार आहे. यंदा मला चूक करायची नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

सहकारनगरचा_एसीवाला

काका, वहिनींचं वाचून वाईट वाटलं. तीस वर्षं एसी दुरुस्त करतोय, तेवढ्या भरवशावर सांगतो.

पाटीवरचा आकडा कॉम्प्रेसर फिरायला लागल्यानंतरचा असतो. साधा, म्हणजे एकाच वेगाने चालणारा कॉम्प्रेसर जागचा उठताना त्याच्या चार-पाच पट करंट ओढतो. पापणी लवेपर्यंतच ओढतो, पण तेवढा मिळाल्याशिवाय उठत नाही. तुमच्या ५.२ चे पाच पट म्हणजे २६ अँपिअर. २३० व्होल्टने गुणलंत तर ६,००० व्हीएच्या आसपास जातं. तुमचा २ केव्हीए म्हणजे २,००० व्हीए. जनरेटर तेवढं देऊ शकत नाही, व्होल्टेज कोसळतं, मोटर जागच्या जागी गुरगुरते. तो तुमचा ‘हूंऽऽ’. दुकानदाराने ५ केव्हीए सांगितलं ते उगाच नाही.

पण मी तुमच्या जागी असतो तर जनरेटर मोठा करण्याऐवजी एसी बदलला असता. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर सावकाश वेग घेतो, उठतानाचा तो झटका त्यात नसतो. गाडी गार झाली की वेग आपोआप उतरतो आणि खेचही निम्म्यावर येते. विंडोमध्येही इन्व्हर्टर मॉडेल मिळतात, म्हणजे भिंतीतली खाच तीच वापरता येईल. माप आधी घ्या मात्र. सॉफ्ट स्टार्टर (मोटर सावकाश उठवणारं उपकरण) लावूनही झटका बराच कमी होतो, पण जुन्या कॉम्प्रेसरवर तो खर्च मी करणार नाही.

दुसरं, कॉम्प्रेसर सुटला की निदान तीन मिनिटं थांबायचं. आतल्या गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा झाला नाही तर मोटर भाराखालीच उठू बघते आणि तिचं वाइंडिंग (तारांचं वेटोळं) तापतं. चार वेळा तसं झालंय, तेव्हा जुना एसी तपासूनच कुणाला द्या.

आणि भर दुपारी गाडीच्या छताला आतून हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर तुमचा एसी पत्र्याशी झगडतोय. छताला नायट्रिल फोम लावून घ्या, पुढच्या काचेला बाहेरून पांढरं कापड टाका. याने जेवढा फरक पडेल तेवढा लहान जनरेटर पुरेल.

मंडपवाला_शुक्रवार_पेठ

एसीवाल्या दादांशी पूर्ण सहमत. आमचा मंडपाचा धंदा वडिलांपासूनचा, गणपतीचे दहा दिवस जनरेटरच्या आवाजातच झोपतो. तर जनरेटरपुरतं माझं ऐका.

खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो कमाल आकडा, थोडा वेळच मिळणारा. खाली बारीक अक्षरात ‘रेटेड’ असतो, तासन् तास मिळतो तो हा. २.२ लिहिलंय आणि रेटेड १.८ किलोवॅट आहे, असं असतं. हिशोब रेटेडवर करायचा आणि त्याच्याही पाऊण भागातच राहायचं.

साध्या जनरेटरला ५० हर्ट्झ द्यायचे म्हणून मिनिटाला ३,००० फेरे मारावेच लागतात, एक बल्ब लावा नाहीतर एसी. इन्व्हर्टर जनरेटर आधी बॅटरीसारखा डीसी करंट करून मग घरच्या विजेसारखा करंट बनवतो, त्यामुळे भार कमी झाला की इंजिनही हळू होतं. पेट्रोल वाचतं, आवाज कमी, आणि करंट स्वच्छ मिळतो. इन्व्हर्टर एसीच्या पीसीबीला (आतल्या सर्किट बोर्डाला) तो स्वच्छ करंट हवाच. १.८ किलोवॅट रेटेडचा असा जनरेटर वीस-बावीस किलोचा असतो. काका, हा तुम्ही एकट्याने उतरवाल. फक्त एसी चालू असताना त्याच्यावर इंडक्शन किंवा किटली लावू नका.

वायरीत लोक कंजुषी करतात आणि मग जनरेटरला नावं ठेवतात. २० मीटर लांब जायचं तर जाऊन-येऊन ४० मीटर तांबं होतं. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत तेवढ्या अंतरावर पाऊण ओम जातो, म्हणजे तुमच्या जुन्या एसीच्या झटक्याला वाटेतच १९-२० व्होल्ट गळणार. २.५ ची तीन कोअर लवचिक केबल घ्या, १६ अँपिअरच्या प्लग टॉपसकट. तापकीर गल्लीत हवी तेवढी मीटरवर कापून मिळेल.

जमीन सपाट बघा. तेल कमी झालं की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, उतारावर तेल एका बाजूला गेलं तरी तो बंद पाडतो. वाळूत फळी टाकून त्यावर ठेवा. महाबळेश्वरला न्यायचा झाला तर दर ३०० मीटरला साडेतीन टक्के ताकद कमी धरा, तिथे पोचेपर्यंत पंधराएक टक्के गेलेली असते. गुहागरला ती अडचण नाही. परत आलात की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करा. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलला पाणी धरतं, दोन महिने पडून राहिलं की पुढच्या वेळी दोरी ओढून ओढून खांदा जातो.

आणि विकत घेण्याआधी गाडी दुकानाशी नेऊन एसी अर्धा तास चालवून बघा. नाही म्हणणाऱ्या दुकानातून घेऊ नका.

कर्वेनगरची_भटकी

काका, सगळ्यांनी एसी कसा चालेल ते सांगितलं. तुम्ही ‘रात्रभर’ लिहिलंत, तिथे मी थांबले.

दोन वर्षांपूर्वी पवना धरणाजवळ आम्ही जनरेटर गाडीच्या मागे हातभर अंतरावर ठेवला होता. वायर आत घ्यायला खिडकी दोन बोटं उघडी. पहाटे मुलाला उलटी झाली, माझं डोकं घण घातल्यासारखं ठणकत होतं, उभं राहिले तर गुडघेच धरेनात. आम्हाला वाटलं रात्रीची मिसळ बाधली. नवऱ्याने दार उघडून आम्हाला बाहेर काढलं म्हणून वाचलो. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतला माणूस झोपेतच जातो.

आता वहिनींचा विचार करा. हात-पाय गळणं, नजर धूसर होणं, चक्कर, डोकं जड. हा वायू अंगात भिनला की हेच होतं आणि उन्हाने त्यांना होतं तेही जवळपास हेच. तुम्ही ‘हिला उष्मा झाला’ म्हणून खिडक्या गच्च लावाल आणि एसी वाढवाल. मला लिहितानाही भीती वाटतेय.

जनरेटर गाडीपासून निदान २० फूट लांब ठेवा, धुराचं तोंड पलीकडे करून. मंडपवाल्या दादांनी सांगितलेली २० मीटर केबल घेतलीत तर अजून लांब ठेवता येईल. गाडीखाली किंवा डिकीत चालवायचा तर विचारही नको. कार्बन मोनॉक्साइडचा गजर बर्थच्या उशाशी लावा आणि निघायच्या आधी बटण दाबून बघा.

समुद्रकाठी आणखी एक. शाळेत शिकलो होतो ना, दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो म्हणून तुम्ही जनरेटर जमिनीच्या बाजूला ठेवाल, धूर लांब जाईल. रात्री वारा उलटतो आणि तोच धूर गाडीवर येतो. तुम्ही तेव्हा झोपलेले असाल. म्हणून झोपताना जनरेटर बंद, हा नियमच करा. रात्रीसाठी घरचा प्लग किंवा लिथियम बॅटरी. ५ किलोवॅट-तासाची बॅटरी असली तर लहान इन्व्हर्टर एसी रात्र काढतो, पण ती महाग पडते. माहेरचं अंगण असताना समुद्राजवळ कशाला झोपायचं?

धायरीकर६६

तिघांचेही मनापासून आभार. महिनाभराने लिहितोय कारण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

ताई, तुमचा प्रतिसाद हिला मोठ्याने वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “भाच्याला फोन लावा.” भाच्याने वायरमन बोलावून मीटरपासून अंगणापर्यंत ४ चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन ओढून घेतली, अर्थिंग नवं केलं, १६ अँपिअरचा सॉकेट आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला. रात्री गाडी फणसाखाली, एसी घरच्या विजेवर. जनरेटर फक्त वाटेतल्या दुपारच्या थांब्यांसाठी, तोही आम्ही दोघं जागे असताना.

१ टनाचा इन्व्हर्टर विंडो एसी बसवला, खाच अर्धा इंच वाढवावी लागली. छताला नायट्रिल फोम लावला. जनरेटर १.८ किलोवॅट रेटेडचा, इन्व्हर्टर प्रकारातला घेतला. पहिल्या दुकानाने गाडीला जोडून दाखवायला नकार दिला, दुसऱ्याने स्वतःहून केबल आणली.

परवा दुपारी दोनला सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये चाचणी घेतली. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती धरून करंट मोजायचं यंत्र) लावून बसलो. सुरुवातीला १ अँपिअर, दहा मिनिटांत ५ च्या जवळ, गाडी गार झाल्यावर अडीचवर स्थिर. दिवे जराही हलले नाहीत. दोन तासांत लिटरभराच्या आत पेट्रोल लागलं.

ही आत पुस्तक वाचत बसली होती. चार वाजता मी दार उघडलं आणि हात पुढे केला. तिने तो धरला नाही. दांडीला धरून दोन्ही पायऱ्या स्वतःच उतरली आणि लिफ्टपर्यंत चालत गेली.

येत्या शुक्रवारी पहाटे पाचला निघतोय. गजर तिच्या उशाशी लावलाय, बटण रोज दाबून बघतो.