मदत हवी आहे: नवं मेटल ऐकून कान शिणतात, दोष संगीताचा की मास्टरिंगचा (अल्बम निघण्याआधी आवाजावर होणाऱ्या शेवटच्या प्रक्रियेचा)?

ब्लॅक सॅबथ, ज्यूडास प्रीस्ट, आयर्न मेडन हे बँड ऐकत वाढलो. जुनंच हेवी मेटल सरस, असं मित्राशी भांडतो खरा, पण हल्ली शंका येतेय. मेडनचा १९८४ चा ‘पॉवरस्लेव्ह’ अल्बम सलग ऐकतो, गोजिरा किंवा मेशुगा या बँडची मात्र तीन-चार गाणी झाली की डोकं जड होतं.

हेडफोन बदलले, ट्रेबल उतरवला, स्ट्रीमिंगवर आवाजाची पातळी समान ठेवणारी सेटिंग लावली. फारसा फरक नाही. मग मेटॅलिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ आठवला. हळू आणि मोठ्या आवाजातला फरक दाबून सगळंच मोठं केल्याची तक्रार त्याबद्दल गाजली होती. त्याच गाण्यांची ‘गिटार हीरो’ गेममधली आवृत्ती शोधून ऐकली, आणि चक्क आवडली! ड्रम सुटे ऐकू येतात, गिटारला श्वास घ्यायला जागा आहे.

गुरगुरणाऱ्या गायकीचं मला वावडं नाही, तेव्हा ‘सवय होईल’ हे उत्तर नको. टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) नाही, घ्यायचाही नाही. फक्त सीडी आणि स्ट्रीमिंग.

तर २०१० नंतरचे, मास्टरिंग करताना असे दाबून न टाकलेले मेटल अल्बम कोणते? आणि एकाच अल्बमच्या दोन आवृत्त्यांपैकी कमी दाबलेली कोणती, हे विकत घेण्याआधी कसं ओळखता?